नाकाला जड

मित्रांनो, सुरा म्हटलं की माणसं आधी दोन पावलं मागे सरतात आणि मग बोलायला लागतात. तुम्ही सरू नका. मी जुना झालो आहे, माझी धार पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि तसंही फांद्या, वेली आणि दोर यांच्याशिवाय मी आयुष्यात फारसं काही कापलेलं नाही. हो, एकदा एक बोट जरासं कापलं होतं. पण त्या बोटानेच माझं नशीब उघडलं, तेव्हा त्याबद्दल मला फार बोलू नका.

मी घडीचा चाकू नव्हे. घडीच्या चाकूचं पातं मुठीत मिटतं आणि तो गुपचूप खिशात जाऊन बसतो. माझं पातं मिटत नाही. टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत मी एकच सलग पोलाद आहे. मुठीच्या जागी दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि त्यांतून तीन पितळी खिळे आरपार ठोकले आहेत. लांबीला हातभराहून थोडा कमी, पाठ जाड, धारेकडे निमुळता. झाडांवर चढून काम करणाऱ्यांच्या कमरेला मी असतो. मांडीएवढी फांदी असेल तर ती करवतीची. मनगटाएवढी असेल तर ती माझी.

मला एक खोड जन्मापासून आहे, भोचकपणाची. हे असंच का? ते तसंच का? माणसं मला 'नाकाला जड' म्हणतात, म्हणजे माझं वजन पुढे, टोकाकडे जास्त आहे. आता इतकं जड नाक घेऊन जन्मलो तर मी ते दुसऱ्याच्या भानगडीत खुपसणारच ना! पण हे नाक जड झालं कसं, आणि त्यापायी एका बाईची नोकरी आणि एका माणसाची झोप कशी टांगणीला लागली, ते ऐकण्यासारखं आहे.

सुरा होण्याआधी मी एका ट्रकचा पाटा होतो. चाकांवर जी वाकलेल्या पट्ट्यांची चवड असते ना, त्यातली एक पट्टी. बारा-पंधरा वर्षं मी ओझं वाहिलं, खड्ड्यात आपटलो, पुन्हा सरळ झालो. मग एक दिवस भंगारात गेलो आणि तिथून एका लोहाराच्या दारात. रस्त्याच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, एका बाजूला भट्टी, मधोमध ऐरण, आणि मागे धार लावायचा गोल दगड. भात्याच्या जागी विजेचा पंखा होता, तो चालू केला की अख्खं दुकान घशात कफ असल्यासारखं घरघरायचं. भट्टी लोहाराची आणि तो दगड त्याच्या बायकोचा. दगडाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

हा लोहार एकेकाळी सुऱ्यांसाठी नावाजलेला होता म्हणे. सुरा तयार झाला की तो एका बोटावर आडवा ठेवायचा, आणि सुरा तराजूच्या दांडीसारखा शांत राहायचा. गिऱ्हाइकं ते बघायलाच थांबायची. पण मी त्या दुकानात आलो तेव्हा सात महिने झाले होते, त्याने एकही सुरा घडवला नव्हता. नुसत्या बिजागऱ्या, कड्या आणि फाटकाचे आकडे. मी कोपऱ्यात पडल्या पडल्या विचार करत होतो, की हातात एवढी कला असलेला माणूस बिजागऱ्या का ठोकत बसलाय? पण मला तोंड कुठे होतं विचारायला!

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. एका दुपारी त्याची धाकटी बहीण दुकानात शिरली. मोठ्या बागेत झाडं छाटायचं काम करायची. सगळे तिला खारूताई म्हणत, कारण झाडावर ती खारीसारखी सरसर चढायची. घरात नुसतीच खारू. उजव्या मनगटावर घट्ट पट्टा होता आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"दादा, हे बघ. मला असा सुरा करून दे." तिने टॉवेल उलगडला. आत लाकडाचा सुरा होता. एकाच फळकुटातून तासून काढलेला, पातं, मूठ, सगळं. पात्यावर मुठीपासून एक बोट पुढे खडूची रेघ होती, त्याचा तोल साधतो ती जागा.

दादाने वर पाहिलंच नाही. "मी आता सुरे करत नाही. बिजागऱ्या हव्या असतील तर सांग."

"बिजागरी घेऊन झाडावर चढेल ती!" दगडामागून वहिनी म्हणाली.

"झाडावर चढायचंच कशाला?"

"कारण सोमवारी चाचणी आहे," खारू म्हणाली. "बागेचे मुकादम म्हणालेत, अर्ध्या तासात चार फांद्या काढून, हात शाबूत ठेवून खाली आलीस तर तुझी जागा तुझी. नाही तर रोपवाटिकेत जा, पिशव्यांत माती भर, निवृत्त होईपर्यंत. मातीशी माझं वैर नाही रे दादा, पण मला झाड खालून बघवत नाही."

मग मला एकेक गोष्ट कळत गेली. सात महिन्यांपूर्वी खारू झाडावर काम करत असताना सुरा एका गाठीवरून उडाला, तिचा तोल गेला, आणि सुरक्षेच्या दोराला लोंबकळत ती खोडावर आपटली. जीव वाचला, मनगट मोडलं. तो सुरा दादाने घडवलेला होता. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, पण त्याने स्वतःच ठरवून टाकलं की चूक सुऱ्याच्या तोलाची, म्हणजे आपली.

"तू नाही दिलास तर मी भांडारातला सरकारी सुरा घेऊन चढेन," खारू म्हणाली. "तो ठोकळा तू पाहिलायस. चालेल तुला?"

दादाने लाकडी सुरा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. मग उठला, पंखा चालू केला आणि कोपऱ्यातून मला उचललं.

मित्रांनो, भट्टीत काय होतं हे मी नीट सांगू शकणार नाही, कारण तापलेल्या पोलादाला धड काही आठवत नाही. घाव आठवतात. मी लांब झालो, चपटा झालो, मला पाठ आली, पोट आलं, टोक आलं. मग मला पाणी दिलं, म्हणजे कडक व्हावं म्हणून तापलेलं असतानाच बुडवून थंड केलं. त्याला पाणी देणं म्हणतात आणि बुचकळतात मात्र तेलात! असं का, हे मी आजवर कितीजणांच्या बोलण्यात शोधलं, कुणी धड सांगितलं नाही. ते असो. वहिनीने दगडावर मला धार लावली, दादाने मूठ बसवली. कागदावर लाकडी सुऱ्याची बाह्यरेषा काढून तो क्षणोक्षणी मला तिच्यावर ठेवून बघत होता. सुताएवढाही फरक राहू दिला नाही त्याने. खडूच्या रेघेच्या जागी माझ्या पात्यावरही रेघ ओढली.

मी फुशारून गेलो होतो. नवा कोरा, चकचकीत, आणि नावाजलेल्या हाताचा! दादाने बोट पुढे केलं, रेघ बरोबर बोटावर येईल असं मला आडवं ठेवलं आणि हात काढून घेतला.

मी नाकावर आपटलो.

त्याने पुन्हा ठेवलं. मी पुन्हा पुढे कलंडलो. बोट पुढे सरकवत सरकवत तो रेघेच्याही पुढे तीन बोटं गेला, तेव्हा कुठे मी स्थिर झालो. दादाचा चेहरा पडला. त्याने मला भंगाराच्या पेटीत टाकलं, वरून झाकण लावलं आणि न जेवता झोपायला गेला. वाकड्या खिळ्यांच्या आणि तुटक्या कड्यांच्या संगतीत मी तीन दिवस काढले. जन्माला येऊन एक दिवस झाला नाही आणि अडगळ झालो! वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त मला प्रश्न पडला होता. मी हुबेहूब त्या लाकडी सुऱ्यासारखा होतो. मग तो रेघेवर तोलून राहतो आणि मी का नाही?

शुक्रवारी खारू सुरा न्यायला आली. सोमवारला मध्ये दोनच दिवस उरले होते.

"झाला नाही," दादा म्हणाला.

"झालाय. पेटीत आहे," वहिनी म्हणाली आणि तिने मला बाहेर काढून पदराने पुसलं. "तीन दिवस तोंड पाडून बसलेत. आता सांगा तिला काय झालं ते."

दादाने लाकडी सुऱ्याला आणि मला शेजारी शेजारी ठेवलं. "हा सगळाच लाकडाचा. जिथे जाड तिथे जड. मूठ जाड, म्हणून वजन मुठीकडे. खऱ्या सुऱ्याला मुठीवर हलकं लाकूड आणि पुढे सगळं पोलाद. आकार तोच ठेवला तर तोल पुढे पळणारच. लाकडाचा तोल लोखंडात उतरत नाही. भट्टीपुढे जन्म गेला माझा, आणि हे मला सुचू नये?"

"तिने लाकूड तासलं, तुम्ही डोळे झाकून उतरवलं," वहिनी म्हणाली. "शोभता खरी भावंडं."

अच्छा, असं होतं तर! मला एकदम हलकं वाटलं. माझ्यात खोट नव्हती, हिशेब लाकडाचा होता आणि अंग पोलादाचं. पण सोमवार काही त्यामुळे लांब जाणार नव्हता.

"मुठीत भोकं पाडतो आणि शिसं ओततो," दादा म्हणाला. "मागे वजन आलं की तोल येईल रेघेवर."

"आणि ते वाढलेलं वजन उचलायचं कुणी?" खारूने विचारलं. "या मनगटाने? थांब जरा. आधी हातात तर घेऊन बघू दे."

तिने पिशवीतून आणखी दोन सुरे काढले. एक तिचा जुना, दादानेच घडवलेला, ज्याच्यासह ती पडली होती. दुसरा भांडारातला ठोकळा, काळ्या रबरी मुठीचा, पाठ करंगळीएवढी जाड. आम्हा तिघांना तिने बाकावर ओळीने मांडलं. मी शेजाऱ्यांकडे बघून घेतलं. जुना दिसायला देखणा होता, मला मनातून थोडा हेवाच वाटला. ठोकळ्याकडे बघून मात्र मला धीर आला.

आधी बोटावर. जुना शांत, अगदी मुठीपासून एक बोट पुढे. ठोकळ्याचा तोल मुठीतच, मागे. आणि मी आपला नाकाकडे.

मग अंगणात वाळलेल्या फांदीचं लाकूड उभं केलं, मनगटाएवढं जाड. जुन्याने अकरा घावांत तोडलं. तो हलका आणि चपळ, पण प्रत्येक घावाला खारू मनगट झटकत होती, जोर सगळा तिचाच होता. अकराव्या घावानंतर तिने डाव्या हाताने मनगट दाबून धरलं. ठोकळ्याला चौदा लागले, आणि प्रत्येक घावाचा दणका मागे तिच्या हातात येत होता. मग मी. तिने मला वर नेलं आणि खाली सोडलं, इतकंच. नाक आपोआप पुढे धावलं. सहा घावांत लाकूड दोन तुकडे.

खारूने मनगट फिरवून पाहिलं. "दुखलं नाही," ती म्हणाली. "काम यानेच केलं. मी नुसतं वळण दिलं."

माझी छाती फुगली असती, असती तर. पण लगेच वहिनीने एका दांडक्याला नायलॉनचा दोर गुंडाळून आणला. "आता हा दोर काप. दांडक्याच्या सालीला ओरखडा नको."

जुन्याने ते काम लीलया केलं. ठोकळ्याने साल सोलून काढली. आणि माझं नाक, जे मघाशी एवढं कौतुकाचं होतं, ते खाली खाली जायला लागलं. खारूने सावरलं, पुन्हा गेलं. साल तर खरवडलीच, दांडक्यात खोल खाच पडली. बारीक कामात मी सपशेल नापास.

दादा शिसं आणायला उठला. तेवढ्यात वहिनी ओरडली, "अहो, तिचं बोट बघा कुठे गेलंय!"

सगळ्यांनी पाहिलं. दोर कापता कापता खारूचा हात नकळत मुठीवरून पुढे सरकला होता. पहिलं बोट आणि अंगठा थेट पात्यावर, माझ्या खऱ्या तोलाच्या जवळ पोचले होते. तिथे धरल्यावर मी गप्प झालो होतो, नाक वर, टोक हलत नव्हतं. तिथून पुढचा दोर सुरेख कापला गेला होता. फक्त तिथे धार होती, आणि बोटातून रक्ताचा एक थेंब आला होता. हेच ते बोट, मित्रांनो.

"म्हणजे याला दोन तोल आहेत," खारू बोट तोंडात घालून म्हणाली. "मागे धरलं तर तोडायला, पुढे धरलं तर कोरायला. दादा, शिसं घालू नकोस. वजन वाढवू नकोस, काढ. इथली धार बोथट कर, बोटापुरती खाच पाड. बाकी आहे तसा राहू दे."

"आणि मागच्यासारखं काही झालं तर?" दादा म्हणाला. "मागच्या वेळी मला खात्री होती. बोटावर काय सुंदर राहायचा तो. तरी पडलीस. माझा तोल चुकला, खारू."

वहिनीने खारूच्या बोटाला चिंधी बांधली.

मग खारू बाकावर बसली. "तुला एक सांगायचं होतं. सात महिने नाही, सहा वर्षं सांगायचं होतं. तुझा तो सुरा माझ्या कामाला हलका होता. तासा-दीड तासाने मनगट भरून यायचं. पण तू तो इतक्या हौसेने दिला होतास की तू दरवेळी विचारायचास, कसा आहे, आणि मी म्हणायची, छान आहे दादा, छान आहे. त्या दिवशी हात सांगत होता, खाली उतर. मी उतरले नाही. तोल तुझा नाही चुकला. मी खोटं बोलत राहिले."

मला वाटलं आता दादा रागावणार. आणि रागावलाच. "सहा वर्षं? अगं, एका दुपारचं काम होतं ते! पाठीला थोडं पोलाद ठेवलं असतं. मला काय वाटेल म्हणून हात मोडून घेतलास?" आणि मग तो रडला. भट्टीपुढे घाम पुसायच्या फडक्यानेच त्याने डोळे पुसले, त्यामुळे तोंडभर काजळी झाली. वहिनीला हसू आवरेना, आणि ती स्वतःही डोळे पुसत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी मला दगडावर धरलं. पाणी दिलेलं पोलाद जास्त तापलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. म्हणून वहिनी दोन क्षण घासायची आणि बादलीत बुचकळायची, घासायची आणि बुचकळायची. मी जीव मुठीत धरून होतो. शेवटी मुठीच्या पुढे बोटाएवढी गोल, गुळगुळीत खाच तयार झाली. खारूने तिच्यात बोट ठेवलं आणि मान डोलावली.

सोमवारी सकाळी बागेत मी तिच्या कमरेला होतो. मुकादम हातात घड्याळ घेऊन उभे होते. माणूस वाईट नव्हता. "मला वर चढून खाली येणारी माणसं हवीत," ते म्हणाले, "वर चढून पडणारी नकोत. ते पुन्हा बघण्याएवढं माझं काळीज घट्ट नाही." मग झाडाकडे बोट केलं. "वाळक्या चार फांद्या. आणि वर तो फलकाचा जुना दोर खोडात रुतलाय, तोही काढ. झाडाला खरचटलं तर मोजणार."

खारू चढली. पहिली फांदी पाच घावांत. दुसरी सहा. पानांच्या आत केवढी वर्दळ असते हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मुंग्या, कोळ्याची जाळी, सोडून दिलेलं एक घरटं. मी इकडेतिकडे बघत होतो तेवढ्यात तिसरी फांदी पडली आणि खारूने मला म्यानात घातलं.

मी दचकलो. अजून एक फांदी होती, दोर होता! ती जाड फांदीवर पाय सोडून बसली, दोर तपासला, उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि स्वस्थ राहिली. खालून मुकादम ओरडले, "काय झालं?"

"हाताला विसावा देतेय!" ती ओरडली.

"घड्याळाला विसावा नाही!"

"माहीत आहे!"

किती वेळ गेला ते मला मोजता आलं नाही, पण माझा जीव कासावीस झाला. मला वाटत होतं, उठ की बाई, मी आहे ना, मी तोडतो. पण ती उठली नाही. हात पुरता शांत झाल्यावरच तिने मला बाहेर काढलं. चौथी फांदी सात घावांत पडली. मग हात पुढे सरकला, बोट खाचेत बसलं, आणि सालीत रुतलेला दोर मी एकेक पदर करून सोडवला. झाडाला ओरखडा नाही.

ती खाली उतरली तेव्हा अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

"वेळेत आलीस," मुकादम म्हणाले. "पण हात शाबूत आहे का ते बघायचंय." त्यांनी माठातून काठोकाठ भरलेला पेला आणला. "उजव्या हातात घे. हात सरळ पुढे. मी शंभर मोजतो. थेंब सांडला तर पिशव्या."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिने पेला घेतला आणि हात पुढे केला. मुकादम मोजू लागले. मी कमरेला होतो, पेला मला खालून दिसत होता. चाळीसपर्यंत पाणी हललं नाही. साठला काठापाशी एक बारीक लहर आली. खारूने श्वास सोडला, खांदा खाली घेतला. ऐंशी. नव्वद. मुकादमच आता हळू मोजायला लागले होते, की मलाच तसं वाटत होतं, कुणास ठाऊक.

"शंभर," ते म्हणाले. "उद्या सात वाजता. उशीर केलास तर पिशव्या आहेतच."

पेला तसाच हातात धरून खारू वळली आणि पालापाचोळ्याच्या हातगाडीकडे चालत गेली. गाडीमागे दादा उभा होता. येणार नाही, येणार नाही म्हणत शेवटी आला होता, आणि वहिनी त्याची बाही धरून उभी होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"घे, पाणी पी," खारू म्हणाली. "मी वर असल्यापासून श्वास तरी घेतलास का?"

दादाने पेला घेतला. त्याचा हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"मुकादम," वहिनी म्हणाली, "यांना मात्र झाडावर चढवू नका बरं का!"

सगळे हसले, मुकादमसुद्धा. दादाने उरलेलं पाणी पिऊन तोंड पुसलं, आणि मग भीत भीत, शाळेतला निकाल विचारावा तसं विचारलं, "सुरा कसा वाटला?"

खारूने मला म्यानातून काढून त्याच्या हातात दिलं. मी कान टवकारले.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण मुठीचा मागचा खिळा तळहाताला टोचतो."

सात महिन्यांत पहिल्यांदा दादाचा चेहरा उजळला. अगदी कौतुक झाल्यासारखा. "टोचतो? कुठे, दाखव. इथे? संध्याकाळी ये, लगेच घासून देतो."

मित्रांनो, त्यानंतर मी एकोणीस वर्षं झाडांवर काढली. आता मोटारीच्या करवती आल्या आहेत आणि मी अवजारांच्या खोलीतल्या खणात असतो. पावसाळी हवेत पाठीवर गंज चढतो, तेवढं तेलाचं फडकं कुणी फिरवलं तर बरं वाटतं. खारूताई निवृत्त झाली, पण अधूनमधून येते, खण उघडते आणि माझी विचारपूस करते.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. हत्यार असो की दुसरी कुठली वस्तू, वापरून झाली की पुसून, कोरडी करून जागेवर ठेवा. आणि कुणी तुमच्यासाठी मन लावून काही करून दिलं, आणि ते कुठे टोचत असेल, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्याच्याजवळ जा, हात पुढे करा आणि कुठे टोचतं ते दाखवा.